तळघराला वारा कुठनं?

...नाही, मी म्हणतो, माणसानं स्वतःच्या जागेत, स्वतःच्या घराखाली, स्वतःच्या आईसाठी एक खोली खणायची, आणि मुन्सिपालटीचा ओव्हरसियर छत्री टेकत टेकत येऊन नाकातनं विचारणार, "ते सगळं ठीक आहे हो, पण वारा?" अरे, वारा! तुम्ही विहीर खणा, कुणी वारा विचारत नाही. पेव खणा, त्यात वर्षाची ज्वारी गाडा, कुणी विचारत नाही. पण हवालदार हंबीररावांनी बारा फूट बाय दहा फूट तळघर खणलं मात्र, सगळ्या गावाला एकदम वाऱ्याची काळजी लागली! रस्त्यानं निघाले की समोरचा रामराम नंतर करायचा, आधी विचारायचा, "काय हवालदार, वारा?"

गावाचं नाव मी सांगणार नाही. वडूजवरून म्हसवडकडं निघालं की वाटेत कुठंतरी लागतं एवढंच धरा, कारण त्या मुन्सिपालटीत माझे दोन सोयरे आहेत आणि माझ्या न्हाणीघराचे कागद अजून तिथंच पडलेत.

तर साल छेचाळीस. हंबीरराव चार वर्षं इराकात काढून, फौजेतनं सुटून घरी आलेले. माणूस कसा? तर मिशा वर, मान ताठ, आणि खोटं बोलायचं म्हटलं की जीभच वळायची नाही. आता हा गुण फौजेत चालत असेल, पण मुन्सिपालटीत? तुम्हाला सांगतो, सगळं रामायण झालं ते ह्या एका गुणापायी.

झालं काय, की ते तिकडं असताना आदल्या उन्हाळ्यात त्यांची आई धोंडुबाई परड्यात शेण्या लावता लावता उन्हानं कोसळली. दुपारी पडली ती दिवस मावळायला डोळे उघडले म्हातारीनं! हंबीररावांच्या बायकोनं, सुलाबाईंनी, शाळेच्या मास्तरांकडनं पत्र लिहवून घेतलं. ते पत्र समुद्र ओलांडून, सेन्सॉरची काळी शाई अंगावर घेऊन हंबीररावांच्या हातात पडलं दोन महिन्यांनी. त्यात 'आत्याबाई उन्हानं पडल्या' एवढं वाचता येत होतं, आणि पुढच्या ओळीवर शाई! आता पुढं काय लिहिलंय? उठल्या? का... बाप्या माणूस, तोफेला न भ्यालेला, ते पत्र उन्हाकडं धरून शाईच्या आरपार बघत बसला. दुसरं पत्र यायला तीन आठवडे लागले. म्हातारी धड होती. पण ते तीन आठवडे हंबीरराव विसरले नाहीत.

आणि तिथंच त्यांनी ती खोली बघितली. इराकातली माणसं म्हणे उन्हाळ्यात दुपारची घराखालच्या खोलीत उतरतात. माळवदावर एक उंच चिमणी, पण धूर वर सोडणारी नव्हे, वारा खाली आणणारी! वरचा वारा तोंडात धरायचा आणि पोकळीतनं खाली सोडायचा. बाहेर चणे फुटतील असलं ऊन, आणि खाली माणसं चादर ओढून झोपलेली. हंबीररावांनी तिथल्या तिथं ठरवलं की घरी गेलो की आईला अशी खोली.

झालं. संक्रांत सरली, आणि खणाई सुरू. गवंडी कोण? जोतीराम. हात सोन्याचा, पण तोंड असं चालायचं की हातातली करणी थांबायची. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "हवालदार, मुन्शिपालटीत अर्ज करायचा आसंल तर 'दान्याची कणगी ठिवायला खोली' आसं लिवा. कणगीला कोन वारा इचारतंय? मागनं आईसाब कणगीशेजारी बसत्याल्या, कोन बगाया येतंय?"

हंबीरराव म्हणाले, "आर्जात खोटं लिवू?"

"खोटं कुटं? एक कणगी ठिवा की खरीच!"

"जोतीराम, खोली आईसाटी हाय. आईला कणगी म्हनू?"

बसले आणि स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, 'मातोश्री धोंडुबाई यांस उन्हाळ्यात राहण्यासाठी तळघर'. राहण्यासाठी! हा एक शब्द, मंडळी. हा शब्द नसता तर मी आज तुमच्यापुढं गप्प बसलो असतो.

महिन्याभरात खोदाई पुरी झाली, आणि ओव्हरसियर हजर. नाव लालासाहेब. सांगलीकडचा माणूस, अंगानं काडी, बगलेत नियमांचं पुस्तक, हातात छत्री, आणि मापाची फीत सारखी बोटाला गुंडाळायची सवय. शिडीवरनं खाली उतरला, भिंतींना हात लावला, फीत टाकली, आणि नाकातनं म्हणाला, "खोदाई छान आहे. चुना चांगला आहे. ते सगळं ठीक आहे हो, पण वारा?"

"वारा येनार की! चिमनी बांदनार हाय."

लालासाहेबांनी पुस्तक उघडलं. "जोत्याखालच्या राहत्या खोलीस, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी पाहिजे. तुमची खोली एकशेवीस फूट. खिडकी बारा फूट."

हंबीररावांनी चारी बाजूंना बघितलं. चारी बाजूंना माती! "खिडकी कुटं काडू? ह्या भितीपलीकडं माती हाय, त्या भितीपलीकडं चंद्राबाईचं परडं हाय."

"बाहेरच्या हवेत उघडली पाहिजे."

"आवं पर भाएर म्हंजी मातीच हाय!"

"मग माती काढा."

आता तुम्हीच सांगा! माती काढली तर ते तळघर राहील का? तो ओढा होईल! पण लालासाहेबांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. "पुस्तकात खिडकी आहे, हंबीरराव. चिमणी नाही." आणि चालू लागला. अर्जावर लाल शाईत शेरा आला, 'वारा कोठून?' एवढंच! दुसरा अर्ज केला, इराकच्या चिमणीचं चित्र काढून. शेरा, 'चित्र पाहिले. वारा कोठून?' तिसऱ्या अर्जाला हंबीररावांनी लिहिलं, 'वारा पश्चिमेकडून'. त्यावर शेरा काय यावा? 'पश्चिम दिशा जमिनीखाली येत नाही.'

गावाला काय, फुकटची करमणूक! चावडीपुढनं हंबीरराव गेले की कुणीतरी सोडायचंच, "वारा!" हंबीरराव रागानं काळेनिळे. म्हणायचे, त्या लालासाहेबाला एकदा पलटणीत माझ्या हाताखाली द्या, आठ दिवसांत सरळ करतो.

आणि ज्या आईसाठी हे सगळं चाललेलं, ती? ती तर खाली उतरायलाच तयार नाही! "मी काय घूस हाय व्हय रं हंबीरा? साठ वरसं उनात काडली, आन् आता बिळात बसू?" चैत्र लागला. दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडं निघेल असलं ऊन. म्हातारी परड्यात, घामानं भिजलेली, पण खाली येणार नाही. हंबीरराव तिच्याकडं बघायचे आणि त्यांना ते काळ्या शाईचं पत्र आठवायचं. पण करणार काय? वरनं मुन्सिपालटी नको म्हणते, खालनं आई नको म्हणते, आणि मध्ये हवालदार!

पण परवानगी नसली तरी जोतीरामानं चिमणी चढवली हं. कोपऱ्यातनं विटांची पोकळी माळवदाच्या वर पुरुषभर उंच, पश्चिमेला तोंड. जिन्याच्या दाराला खाली लाकडी जाळी, म्हणजे एकीकडनं वारा आत, दुसरीकडनं बाहेर. काम झालं त्या दिवशी सुलाबाईंनी सासूला कसंबसं पटवलं, "आत्याबाई, येक डाव बगून तर या. न्हाई आवडली तर वर या." म्हातारी कुरकुरत उतरली आणि शेवटच्या पायरीवर टेकली. गार वाटलं, पण कबूल करील ती धोंडुबाई कसली! म्हणाली, "हं. चांगली हाय. कणगी ठिवा."

आणि उठणार, तेवढ्यात चिमणीतनं आवाज आला. "धोंडुबाई लय खवचाट गं बाई! सुलीच म्हनून नांदली..."

म्हातारी खाली बसली! तुम्हाला सांगतो, चैत्राचा महिना, गावातल्या सगळ्या बायका माळवदावर. सांडगे घालतायत, कुरडया वाळवतायत, आणि माळवदाला माळवद लागलेलं. वरचं बोलणं वाऱ्याबरोबर चिमणीच्या तोंडात, आणि तिथनं थेट खाली धोंडुबाईच्या कानात! शब्द न् शब्द! चंद्राबाईनं कुणाची सोयरीक कुणी मोडली ते सांगितलं, कुणाच्या सुनेला डोहाळे लागले ते सांगितलं, आणि धोंडुबाई पायरीवर, तोंडाला पदर लावून, डोळे एवढाले! सुलाबाईंनी वरनं हाक मारली, "आत्याबाई, येताय न्हवं?"

"गप गं! आयकू दे!"

त्या दिवसापासनं म्हातारी खाली. सकाळची भाकरी खाल्ली की तंबाखूची चंची घेऊन उतरायची ती दिवस कलल्यावर वर. हंबीररावांना वाटलं, आईला गारवा मानवला. वाटू द्या बिचाऱ्यांना.

पण परवानगी? ती नाहीच. उलट लालासाहेब चिमणी बघायला आले, बिनपरवाना बांधली म्हणून. जोतीरामाला घेऊन माळवदावर चढले, चिमणीच्या तोंडाशी उभं राहून फीत लावायला लागले. हंबीरराव खाली ओट्यावर धुमसत बसलेले, वर गेलेच नाहीत. आणि धोंडुबाई? तिच्या जागेवर. तळघरात.

वर जोतीराम म्हणत होता, "सायेब, तुमी आसं का छळताय आमच्या हवालदारास्नी? खोली येवढी झ्याक हाय!"

आणि लालासाहेबांचा आवाज आला. नाकातला नव्हे. साधा, सांगलीकडचा, घरातला आवाज. "जोतीराम, मी हरिपूरचा. आमच्याकडं हळदीची पेवं असतात, ठाऊक हाय न्हवं? पेव उघडलं की आदी दिवा सोडायचा. दिवा विझला तर मानसानं उतरायचं न्हाई. आमचा थोरला, भाऊसो... त्या दिवशी गाड्या खोळंबल्या होत्या, गडबड होती. दिवा सोडलाच न्हाई त्यानं. उतरला. मी वर उभा हुतो, जोतीराम. हाका मारत हुतो... खालनं उत्तर येईना." मग विटांवर फीत घासल्याचा आवाज. मग पुन्हा ओव्हरसियरचा आवाज, "म्हणून म्हणतो. तोंडाची रुंदी किती भरली? लिहा."

धोंडुबाई उठली. वर आली, ओट्यावर बसलेल्या लेकापुढं उभी राहिली. "हंबीर, त्या मानसाशी येक शबुद वाकडा बोलायचा न्हाई."

"आगं पर त्यो..."

"म्या सांगते म्हनून." का ते सांगितलं नाही. माणसाचं दुःख चोरून ऐकलेलं, ते वाटत फिरायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

लालासाहेब माळवदावरनं उतरले तसं म्हातारीनं त्यांना गुळाचा खडा आणि तांब्या दिला. म्हणाली, "ल्येकरा, तुला वाऱ्याची काळजी हाय न्हवं? मग आसं कर. उद्या सकाळधरनं म्या खाली बसते. दार लावून. संगट दिवा घिऊन. तू वर चिमनीपाशी बस आन् घटके-घटकेला हाक मार. दिस कलंपतूर म्या वो दिली तर वारा हाय. न्हाई दिली तर तुजं पुस्तक खरं."

"आये!" हंबीरराव ओरडले.

लालासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. "नको हो, आई. असली परीक्षा नको."

"मग तुजी खातरी कशानं हुनार? पुस्तकानं?"

लालासाहेबांनी फीत बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. "दिवा मंद झाला की लगेच वर यायचं. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी! काय सांगू, सगळी गल्ली माळवदावर! बायकांनी कुरडया बाजूला सारल्या. म्हातारी चंची, कंदील आणि पाण्याचं मडकं घेऊन उतरली, दार लागलं. हंबीरराव जिन्याच्या दाराशी हवालदारासारखे ताठ, पण एक कान दाराच्या जाळीकडं. लालासाहेब वर चिमणीशी, छत्री उघडून.

"आई, आहात का?"

"हाय रं!"

"दिवा?"

"हाय!"

झालं सुरू. हाक, ओ. हाक, ओ. पहिल्यांदा गल्ली कान टवकारून, मग कुणीतरी चणे काढले, मग तासाभरात लोक कंटाळून घरी! ऊन चढलं. अकरा वाजले, बारा वाजले. माळवदाची माती तापली, छत्रीचं काळं कापड तव्यासारखं. हंबीरराव पाणी घेऊन वर गेले, "सायेब, वाईच सावलीत चला. जोतीराम बशील हितं."

"नाही. मीच हाक मारणार." नजर चिमणीच्या तोंडावरनं हलत नव्हती. हंबीररावांना कारण ठाऊक नव्हतं, पण आयुष्यभर पहारे केलेला माणूस, पहाऱ्यावरचा माणूस ओळखतोच की! रागबीग कुठं गेला कळलं नाही. निमूट आपला ओला पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला आणि खाली आले.

"आई... आहात का?"

"हाय रं बाबा! पान खाल्लंस का न्हाई?"

एक वाजला. दोन वाजले. वरची हाक बारीक होत चाललेली, खालचा आवाज खणखणीत. आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्या प्रहरी आवाज थांबला. पण कुठला? वरचा!

म्हातारीनं वाट बघितली. हाक नाही. हाळी घातली, "आरं ए ल्येकरा!" काही नाही. पुन्हा घातली. मग ती साठ वर्षांची बाई दाणकन दार उघडून, लुगडं सावरत हंबीररावांच्या अंगावरच आली, "हंबीर! वर पळ! वरच्यानं वो दिली न्हाई!"

हंबीरराव दोन-दोन पायऱ्या गाळत वर! लालासाहेब चिमणीला टेकून पडलेले, छत्री कलंडलेली, अंग भट्टीसारखं. उचललं खांद्यावर, आणा कुठं? घरात उकाडा, ओट्यावर झळ. म्हातारी ओरडली, "खाली आना! खाली!"

आणि नेलं खाली. बिनपरवाना, बिनखिडकीच्या, पुस्तकात नसलेल्या त्या खोलीत! गोणपाट टाकलं, कपाळावर कांदा चोळला, ओलं फडकं घातलं. हंबीरराव तळवे चोळतायत, सुलाबाई पाणी आणतायत, जोतीराम नुसताच बोलतोय. आणि चिमणीतनं झुळूक येतेय, गार, एकसारखी. पाव घटकेनं लालासाहेबांनी डोळे उघडले. पहिल्यांदा काय बघितलं? कंदील. जळतोय! काचेच्या वरनं धुराची बारीक रेघ जाळीकडं ओढली जातेय. बघत राहिले, बघत राहिले, आणि डोळ्यांतनं पाणी. "वारा आहे हो... आई, इथं वारा आहे."

"हाय की रं," म्हातारी त्यांच्या केसांवरनं हात फिरवत म्हणाली. "लय हाय."

आता तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं! पण लालासाहेब प्रामाणिक माणूस, आणि प्रामाणिक माणूस कायद्यावर बसला की काय होतं? चार दिवस अंथरुणात पडून त्यांनी सगळं पुस्तक पुन्हा वाचलं, कमिटीपुढं स्वतः उभं राहून भांडले, चिमणीचं तोंड किती, त्यातनं वारा किती, माणशी हवा किती, सगळा हिशेब मांडला आणि परवानगी आणली! शिक्का, सही, निळी शाई! हंबीररावांनी कागद कपाळाला लावला, आईच्या हातात दिला, आणि त्या दुपारी, चार वर्षं परमुलखात जे स्वप्न बघितलं ते पुरं करायला, वळकटी काखेत मारून जिन्यावर पाय ठेवला.

खालनं आवाज आला, "कोन हाय?"

"मी हाय, आये. वाईच लवंडतो."

"कागूद वाचलास का?"

नव्हता वाचला. जोतीरामाला हाक मारून दोघांनी मिळून वाचला. खिडकीऐवजी चिमणी मंजूर. दाराला जाळी कायम. आणि खाली, शेवटच्या ओळीत, लालासाहेबांच्या सुवाच्य अक्षरात, 'सदर चिमणीची हवा पाहता, खोलीत एका वेळी वास्तव्य: एक इसम.'

"त्यो इसम म्या हाय," धोंडुबाई म्हणाली. "आन् आता जा, चंद्राबाई बोलायलीया."

तेव्हापासनं उन्हाळाभर हंबीरराव दुपारचे ओट्यावर, घामानं निथळत, डोक्यावर ओला पंचा टाकून बसायचे. मी एकदा म्हटलं, "हवालदार, वरच्या कचेरीत अपील करा की! एकाचे दोन इसम करून घ्या."

त्यांनी पंचा पिळला, पुन्हा डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "केलं बाबा, केलं. कचेरीनं मंजूर बी केलं. पर त्यांनी शेरा मारलाय, 'पहिल्या इसमाची हरकत नसल्यास.'"